दिवेलागणीची मुंबई

मुंबईची स्कायलाइन टिपायची असेल तर सूर्य बुडाल्यावर दहाव्या मिनिटापासून विसाव्या मिनिटापर्यंत टिपावी. पुढच्या पानांमधली बहुतेक छायाचित्रं आणि त्यांच्याखालची टिपणं या एका सांगण्याभोवतीच उभी आहेत. सांगणं एवढंसं, पण त्याच्यामागे सूर्याची चाल आहे, पाऊस आणि धूळ आहे, भरती-ओहोटी आहे, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बाहेरून येऊन चपला काढता काढता दिव्याचं बटण दाबणारी लाखो माणसं आहेत. या सगळ्याचा मेळ कसा बसतो ते आधी कळलं तर चित्रं पाहण्यातला आनंद वाढेल, म्हणून ही प्रस्तावना जरा सविस्तर लिहितो आहे.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर रोज संध्याकाळी जे घडतं त्यापासून सुरुवात करू. बिंब पाण्याला टेकायला आलं की सगळे मोबाइल वर होतात. बुडालं की खाली येतात, आणि पाच-सात मिनिटांत कठड्यावर बसायला जागा होऊ लागते. ट्रायपॉड घेऊन आलेली मंडळीही बॅगांच्या चेन लावताना दिसतात. त्यांना सूर्यास्त मिळालेला असतो, शहर मिळालेलं नसतं. कॅमेरा बिंबाकडे रोखला की मध्ये येणारी प्रत्येक इमारत काळी पडते. ती किती मजल्यांची, कुठल्या काळातली, तिच्यात कुणी राहतं की नाही, काहीच कळत नाही. नारिंगी आकाशाखाली एक काळी कडा, हे चित्र जगातल्या कुठल्याही किनाऱ्यावर निघू शकतं.

दुपार त्याहून वाईट. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस असे वर्षातून दोनदा सूर्य भर मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. त्या सुमारास ऊन इमारतींच्या गच्च्यांवर पडतं, दर्शनी बाजूवर पडतच नाही. खिडक्या, गॅलऱ्या, सज्जे सगळे सावलीत. बाकीच्या महिन्यांतही अकरा ते चार या वेळात हवेतली धूळ उजळून निघते आणि लांबच्या इमारती पांढुरक्या होऊन विरतात.

वेळेला इतकं महत्त्व का, हे समजायला फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीला जावं लागतं. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास ल ग्रा इथल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरची छपरं टिपली. कॅमेऱ्याने घेतलेलं आणि आजवर टिकून राहिलेलं ते सर्वांत जुनं छायाचित्र. म्हणजे या कलेचा आरंभच छपरांच्या रेषेपासून झाला. पण त्या एका चित्राला इतके तास लागले की सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन उमटलं. त्या चित्रात सकाळ आहे आणि दुपारही आहे, नेमकी वेळ मात्र नाही. पुढे रसायनं सुधारत गेली, एक्सपोजर तासांवरून मिनिटांवर आणि मिनिटांवरून सेकंदाच्या अंशावर आला, आणि कुठला क्षण घ्यायचा हे ठरवणं तेव्हा कुठे फोटोग्राफरच्या हाती आलं. मला तो या कामातला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. कॅमेरा, लेन्स, फिल्टर यांचा विचार त्यानंतर.

आता प्रकाशाचा हिशेब. आकाश निरभ्र असेल तर सूर्यास्ताच्या क्षणी उघड्यावर साधारण ४०० लक्स उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश गेला, म्हणजे ज्याला नागरी संधिप्रकाश म्हणतात तो संपला, की उरतो तीन-साडेतीन लक्स. शंभरपटीहून जास्त घट, आणि मुंबईत ती २२ ते २४ मिनिटांत होते. दर तीन-साडेतीन मिनिटांनी उजेड निम्म्यावर येतो, असं म्हणायला हरकत नाही. घरातला दिवा, रस्त्यावरचा दिवा, दुकानाची पाटी यांचा उजेड मात्र जसाच्या तसा राहतो. एक उतरती रेषा आणि एक आडवी रेषा, त्या कुठे तरी एकमेकींना छेदणारच. छेदतात तेव्हा आकाश आणि खिडक्या एकाच ताकदीच्या होतात आणि एकाच एक्सपोजरमध्ये दोन्ही नीट उतरतात. त्याआधी खिडक्या फिक्या लागतात, त्यानंतर आकाश काळं पडतं आणि खिडक्यांचे नुसते पांढरे ठिपके होतात. वेगवेगळ्या एक्सपोजरचे तीन-चार फोटो काढून ते संगणकावर जोडण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. त्या जोडकामाची गरज बहुतेक वेळा वेळ हुकल्यामुळे पडते, असं माझं ठाम मत आहे.

या वेळचं निळं आकाशही दिवसाच्या निळ्याहून निराळं असतं. दिवसाचा निळा रंग हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर त्याचे किरण वातावरणातून तिरपे, फार लांबचं अंतर कापून येतात, आणि वरच्या थरातला ओझोन त्यांच्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. माथ्यावर जे गडद, दाट निळं उरतं ते मुख्यतः ओझोनमुळे, हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हल्बर्ट यांनी १९५३ साली दाखवून दिलं. हा रंग नुसत्या डोळ्यांना जेवढा दिसतो त्याहून जास्त सेन्सरवर उतरतो, म्हणून नवख्या माणसाला आपल्याच फोटोचं आश्चर्य वाटतं.

एक संध्याकाळ बारकाईने पाहू. महिना ऑक्टोबरचा, पाऊस परतलेला, सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. जागा मलबार हिलवरचं कमला नेहरू पार्क. तिथून मरीन ड्राइव्हची अख्खी कमान आणि तिच्या टोकाला नरिमन पॉइंटचे टॉवर दिसतात. सूर्य आपल्या पाठीशी मावळतो, आणि या जागेची थोरवी यातच आहे. सहा वाजता शेवटचं तिरपं ऊन समोरच्या आर्ट डेको इमारतींच्या गोलसर गॅलऱ्यांवर असतं. ते एकेक मजला वर सरकत जातं आणि सर्वांत उंच गच्च्यांवरून नाहीसं होतं. या वेळी आयएसओ १०० आणि एफ-८ वर सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. मग पाच-सात मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, आणि कंटाळलेली माणसं याच वेळी उतरणीला लागतात. पण हवा स्वच्छ असेल तर पूर्वेच्या क्षितिजावर एक राखी-निळा पट्टा वर येताना दिसतो. ती खुद्द पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा. सावली चढते तसा गुलाबी फिकटतो आणि दोन्ही निळ्यात मिसळून जातात. सहा पंचवीसच्या सुमारास एक्सपोजर पाव सेकंदावर आलेला असतो. रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, पण अजून ते चित्रात बोलत नाहीत. साडेसहाला एक सेकंद लागतो, आणि आता खिडक्या पिवळ्या दिसू लागतात. एका मजल्यावर एक, दुसऱ्यावर तीन. गाड्यांचे दिवे रेषा ओढू लागतात. सहा पस्तीसला दोन-तीन सेकंद. आकाश, पाणी, दिवे, इमारतींचे कोपरे, सगळं एका पातळीवर येतं. सहा चाळीसच्या पुढे सेकंद वाढवत नेले तरी आकाश परत येत नाही. सारं काम साडेसहाच्या अलीकडे-पलीकडे आटोपतं.

हा आटोपशीरपणा आपल्या अक्षांशाचा गुण आहे. फोटोग्राफीची जी पुस्तकं आपण वाचत आलो ती बहुतेक युरोप-अमेरिकेत लिहिलेली. तिथे सूर्य क्षितिजाला तिरपा भिडतो, रेंगाळत उतरतो. लंडनला जूनमध्ये नागरी संधिप्रकाश पाऊण तासाहून जास्त टिकतो. सूर्यास्ताआधीचा तथाकथित ‘सोनेरी तास’ तिकडे खरोखर तासभर असू शकतो. मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, शेवटचे सहा अंश उतरायला त्याला २५ मिनिटांच्या आसपास लागतात, आणि सोनेरी तास अर्ध्या तासात संपतो. त्या पुस्तकांच्या भरवशावर इथे कॅमेरा लावत बसणाऱ्याची धांदल उडते. जागा, चौकट, फोकस हे सगळं सूर्यास्ताआधीच ठरलेलं असावं. नंतरच्या वीस मिनिटांत ट्रायपॉड उचलून दुसरीकडे धावलात की त्या दिवसाचं चित्र गेलं.

पहाटेबद्दल नेहमी विचारणा होते. तांबडं फुटण्याआधीही तेच निळं आकाश असतं, तोच ओझोन, तेवढीच मिनिटं, गर्दी तर नसतेच. मग पहाट का नको? कारण खिडक्या झोपलेल्या असतात. उजेड असतो तो जिन्यांत, पार्किंगमध्ये आणि लिफ्टच्या लॉबीत. आकाश दोन्ही वेळांचं सारखंच, पण शहराने आपला वाटा उचललेला नसतो. स्कायलाइनची सर्वोत्तम वेळ सूर्य एकटा ठरवत नाही, हे मला पहाटेच्या फोटोंवरूनच पटलं. अर्धी वेळ शहर ठरवतं.

ही गोष्ट अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस अॅबट यांच्याइतकी नेमकेपणाने फार थोड्यांनी ओळखली. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांना न्यूयॉर्कचं रात्रीचं दृश्य उंच इमारतीवरून टिपायचं होतं. एक्सपोजर पंधरा मिनिटांचा लागणार होता, आणि तेवढा वेळ खिडक्यांतले दिवे चालू राहायला हवे होते. कचेऱ्या पाचला सुटत आणि दिवे मालवले जात. पाचच्या आधी पुरेसा अंधार वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांतच होतो. म्हणून त्यांनी डिसेंबरच्या विशीतली संध्याकाळ निवडली. त्यांचं ‘नाइटव्ह्यू’ हे चित्र आज जगभर ओळखीचं आहे. त्यातली प्रत्येक उजळ खिडकी म्हणजे टेबलाशी अजून बसलेला कारकून, हे ठाऊक झाल्यावर ते चित्र दुसऱ्यांदा पाहावंसं वाटतं.

तोच हिशेब मुंबईला लावून पाहता येतो. वर्षातला लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला तरी मुंबईत सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, सहाच्या ठोक्याला. जुलैच्या सुरुवातीला तोच सव्वासातच्या पुढे जातो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नरिमन पॉइंट, लोअर परळ, बीकेसीमधल्या कचेऱ्या भरलेल्या असतात तेव्हाच आकाश निळं होतं, म्हणून कचेऱ्यांचं चित्र हिवाळ्यात आणि कामाच्या दिवशी काढावं. रविवारी नरिमन पॉइंटचे बरेच मजले अंधारात राहतात. राहत्या वस्तीचं उलट आहे. दादर, गिरगाव, लालबागच्या खिडक्या रविवारी संध्याकाळी अधिक भरलेल्या दिसतात. शिवाय तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवू नये, ही आपल्याकडची शिकवण. देवापाशी दिवा लागतो त्याच वेळी खोलीतलाही लागतो, बाहेर अजून दिसत असलं तरी. चाळींच्या गॅलऱ्या त्यामुळे काचेच्या टॉवरांच्या आधी उजळतात. या पुस्तकातल्या गिरगावच्या चित्रांत हा फरक स्पष्ट दिसेल.

इथे थोडं थांबून या रेषेच्या इतिहासाकडे वळायला हवं, कारण आपण टिपतो ती रेषा फार तर तीस वर्षांची आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी जोडलेले होते, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटोग्राफर. गिरणीची चिमणी आणि कॅमेऱ्याची संघटित चळवळ या शहरात बरोबरीने आली, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. त्यानंतर सव्वाशे वर्षं परळ-लालबागच्या आकाशावर चिमण्यांचंच राज्य होतं. दक्षिणेला १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर होता. सुमारे ८५ मीटर उंचीचा हा मनोरा दीर्घकाळ शहरातली सर्वांत उंच वास्तू होता, आणि प्रेमचंद रायचंद यांनी तो आपल्या आईच्या नावाने उभारला हे मुंबईकरांना सांगायला नको. मग नरिमन पॉइंटची भरणी झाली आणि १९७४ साली एअर इंडियाची इमारत उभी राहिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप विधिवत कधी मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनी विकसित करायची वाट उघडली, २००१ मधल्या दुरुस्तीने ती रुंद केली. आज लोअर परळला २८० मीटर उंचीचा वर्ल्ड वन उभा आहे तो श्रीनिवास मिलच्या जागेवर. वरळीचा पॅले रॉयाल श्रीराम मिलच्या जमिनीवर. मुंबईच्या स्कायलाइनमधली जी शिखरं आपण आज कौतुकाने टिपतो, त्यांच्यातल्या कितीतरी शिखरांच्या पायाखाली खातं, साचा आणि भोंगा होता. हे ठाऊक नसताना काढलेला फोटो देखणा येईल, पण त्यात अर्धं शहर नसेल.

दिवेलागणीला हा इतिहासही दिसतो. दिवसा काचेचा टॉवर नुसता चकाकतो, रात्री त्याच्या माथ्यावरची रोषणाई तेवढी दिसते. त्या मधल्या दहा मिनिटांत मात्र कुठल्या मजल्यावर माणूस आहे आणि कुठल्या नाही हे सरळ मोजता येतं. परळच्या एखाद्या गच्चीवरून पाहा. समोर बैठ्या चाळीची एकही खिडकी अंधारी नाही, आणि मागच्या नव्या टॉवरमध्ये सलग मजलेच्या मजले काळे. गुंतवणूक म्हणून घेतलेली, न विकलेली, कुलूपबंद घरं. ज्या शहरात डोक्यावर छप्पर मिळवण्यात माणसांचं आयुष्य जातं, तिथे हे काळे मजले आकाशाला भिडलेले पाहून मला वाईट वाटतं, आणि ते चित्रात राहावेत असंही वाटतं. म्हणून त्या मजल्यांवर संगणकातून पिवळा रंग भरून चित्र ‘भरीव’ करण्याची जी चाल पडली आहे, ती मी या पुस्तकात कटाक्षाने टाळली आहे.

हवेचा प्रश्न राहिला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. मधल्या काळात सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस हवा धुऊन काढतो. ऑगस्टमधली उघडीप आणि सप्टेंबरअखेर ते दिवाळीच्या आधीपर्यंतचे दिवस, मुंबईत दूरवरचं स्वच्छ दिसण्याचा हाच हंगाम. नोव्हेंबरनंतर वारे मंदावतात, रात्री थंड हवा जमिनीलगत बसते, बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर तिच्यात कोंडतो, आणि दोन किलोमीटरपलीकडची इमारत पुसट होते. म्हणजे कचेऱ्यांचे दिवे हिवाळ्यात हवेत आणि हवा शरदातली. दोन्हींचा सर्वांत चांगला मेळ ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बसतो. मुंबईच्या फोटोग्राफरने वर्षाची रजा कधी घ्यावी, असं कुणी विचारलं तर मी हेच पंधरा दिवस सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र कॅमेरा घरी ठेवावा. आकाशकंदील हवे असतील तर ते वसुबारसेला टिपावेत, फटाक्यांचा धूर साठायच्या आधी.

याच दिवसांत कोजागरी येते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यामुळे निळ्या आकाशात तो इमारतींच्या रांगेमागून वर येताना सापडतो. क्षितिजालगत तो पिवळसर आणि मंद असतो, खिडक्यांच्या जोडीला बसतो. आदल्या दिवशी, चतुर्दशीला, तो सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो आणि दिवेलागणीपर्यंत चांगला उंच गेलेला असतो. प्रतिपदेला उशीर होतो, तोवर आकाश काळं झालेलं असतं आणि चंद्राचा नुसता पांढरा डाग उमटतो. पौर्णिमेचा चंद्र उन्हाळ्यात पूर्वेपासून दक्षिणेकडे सरकून उगवतो, हिवाळ्यात उत्तरेकडे, आणि कोजागरीला जवळपास पूर्वेलाच. घरोघरी भिंतीवर लटकणाऱ्या कालनिर्णयात तिथी आणि सूर्यास्ताची वेळ दोन्ही असतात. एवढ्या माहितीवर या पुस्तकातली निम्मी चित्रं आधीच आखलेली होती.

तिथीचा दुसरा उपयोग पाण्यासाठी. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा तास ढोबळमानाने मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे दिवेलागणीला पाणी पार ओसरलेलं. वांद्र्याच्या किल्ल्याखालचे खडक उघडे पडतात, चित्रात काळा, ओला, खडबडीत पुढावा येतो. अष्टमी-नवमीला संध्याकाळी पाणी भरलेलं असतं, शिवाय भांगाची भरती असल्याने खवळलेलं नसतं. सी लिंकच्या दिव्यांचे पाण्यात उतरलेले सरळ खांब हवे असतील तर अष्टमी गाठावी. कोजागरीचा चंद्र आणि भरलेला समुद्र एकाच दिवेलागणीला मिळत नाहीत, हे निसर्गाचं बंधन आहे, आणि दोन्ही एकत्र दिसणारं चित्र कुणी दाखवलं तर ते जोडलेलं आहे असं खुशाल समजावं.

जागांबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला नकाशा आहेच. फक्त दिशेचं एक सूत्र ध्यानात असू द्यावं. पूर्वेकडे तोंड असलेलं शहर सकाळचं. गेटवे आणि ताज पाण्यावरून टिपायचे तर घारापुरीला जाणाऱ्या सकाळच्या लाँचमधून मागे वळून टिपावेत. संध्याकाळी तेच पाठीमागच्या उजेडाने काळे पडतात. दादर चौपाटीवरून सी लिंक पश्चिमेला आहे, म्हणून तिथे मावळतीची काळी कडा चालते, कारण केबलची जाळी काळ्यातच शोभते. १२८ मीटर उंचीचे ते मनोरे आणि त्यांना बांधलेल्या तारा यांना रंगाची गरज नाही. मरीन ड्राइव्हवरून डिसेंबरमध्ये सूर्य उघड्या समुद्रात बुडतो, तर मेमध्ये चर्चगेटच्या बाजूने पाहिलं तर मलबार हिलच्या टोकाआड जातो. वर्षभरात मावळतीची जागा जवळजवळ ५० अंश सरकते. एकदा पाहून आलेली जागा सहा महिन्यांनी तशीच मिळेल असं धरून चालू नये. कोस्टल रोड २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाल्यावर तर दक्षिण मुंबईचा पश्चिम किनाराच बदलला, आणि काही जुन्या चौकटी कायमच्या गेल्या.

दिव्यांच्या रंगाबद्दल दोन शब्द. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले. दिव्यांच्या या कमानीला म्हणतात तो ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून ओरड झाली, राजकारणही तापलं, आणि पुढे पिवळसर छटेचे दिवे आले. ही ओरड निव्वळ आठवणींपोटी नव्हती. संध्याकाळच्या गडद निळ्यासमोर पिवळाच उठून दिसतो. पांढरा दिवा निळ्या आकाशात कोरडा लागतो. ज्यांनी त्या मधल्या महिन्यांत तिथे फोटो काढले त्यांच्याकडे आता त्याची नोंद आहे, आणि ती त्यांनी जपून ठेवावी.

साधनांचं प्रकरण पुस्तकाच्या शेवटी दिलं आहे आणि ते मुद्दाम छोटं आहे. मजबूत ट्रायपॉड, शटर दाबायला रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल, वाऱ्यात हलणारा कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवण्याची सवय, एवढं पुरतं. ट्रायपॉड दिसला की अनेक ठिकाणी हटकलं जातं, म्हणून परवानगीची चौकशी आधी करावी, आणि ती नसेल तर कठड्यावर छोटी पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. मोबाइलनेही उत्तम चित्रं निघतात. मात्र त्याचा नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करून अंधाराला उजेड देतो आणि संध्याकाळची दुपार करून टाकतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड खाली ओढा, आकाश डोळ्यांना दिसतं तेवढं गडद होईपर्यंत.

एक विनंती. या पुस्तकातल्या जागा गाठण्याआधी आपल्याच इमारतीच्या गच्चीवर जा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली एक तारीख ठरवा, सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी एक फोटो काढा, आणि त्याच्यासोबत तारीख, वेळ, गच्चीचं ठिकाण आणि कॅमेऱ्याचा रोख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच कोपऱ्यातून पुन्हा. तिथी धरू नका, तिथी चंद्राची, सूर्य तारखेने चालतो. ढग असले तर आणखी दोन दिवस जा. चौकटीत एखादी गिरणीची चिमणी अजून उभी असेल, तर या वर्षीचा फोटो पुढे ढकलू नका.